फायबरच्या तारेस पाटकरी कोण?

पांझरेच्या कांठीं फड पद्धतीनें पाणी घेणाऱ्या गांवांची रीत आपल्यापैकीं पुष्कळांस निदान ऐकून ठाऊक असेल. नदीस बंधारा घातला व पाट काढला म्हणजे काम संपलें, असें त्या गांवांनीं कधीं मानिलें नाहीं. फडांत पाणी पोंचविण्यास पाटकरी नेमलेला असे, राखणीस जागल्या असे, आणि त्यांचा मोबदला बागाईतदार आपल्या पिकांतून देत. पाटांतील गाळ काढण्यासहि बागाईतदार स्वतः मिळून जात. बंधारा मूळ कोणीं बांधला हें लोक विसरले. परंतु पाणी पिढ्यान् पिढ्या टिकलें, तें या राखणदारीमुळें. ही जुनी गोष्ट येथें काढण्याचें कारण असें कीं, खेडोपाडीं जलद इंटरनेट नेण्यासाठीं सरकार आज जो पैसा खर्च करीत आहे, त्याच्या बाबतींत बंधाऱ्याची चर्चा फार होते आणि पाटकऱ्याची फारच थोडी.

प्रथम हकीकत थोडक्यांत पाहूं. ता. २५ ऑक्टोबर २०११ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें देशांतील सुमारें अडीच लाख ग्रामपंचायतींस फायबरच्या तारेनें जोडण्याची योजना मंजूर केली. फायबर म्हणजे केसासारखा बारीक काचेचा तंतु. त्यांतून संदेश प्रकाशाच्या रूपानें जातो, आणि तांब्याच्या तारेहून कित्येक पटींनीं अधिक मजकूर त्यांत मावतो. त्या वेळीं खर्चाचा अंदाज सुमारें २०,००० कोटी रुपयांचा होता व काम दोन वर्षांत उरकावयाचें होतें. प्रत्यक्षांत पहिल्या एक लाख ग्रामपंचायतींचा टप्पा डिसेंबर २०१७ मध्यें पुरा झाला. दरम्यान २०१५ सालीं योजनेस ‘भारतनेट’ हें नांव मिळालें, आणि जुलै २०१७ मध्यें दोन्ही टप्प्यांचा मिळून खर्च ४२,०६८ कोटी रुपयांवर गेला. दुसऱ्या टप्प्यांत आपल्या राज्य सरकारनें ‘महानेट’ या नांवानें काम हातीं घेतलें. पुढें ऑगस्ट २०२३ मध्यें केंद्र सरकारनें सुधारलेली योजना मंजूर केली; तिचा खर्च १,३९,५७९ कोटी रुपये आहे.

एवढी मोठी रक्कम पाहून कोणी म्हणेल कीं, खेड्यांवर हा मोठाच उपकार होत आहे. तसें समजण्याचें कारण नाहीं. टेलिफोन कंपन्यांच्या ठराविक उत्पन्नावर शेंकडा ५ टक्के आकार घेऊन सार्वत्रिक सेवेचा एक निधि २००२ सालापासून चालविला जातो. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें त्याचें नांव ‘डिजिटल भारत निधि’ झालें. या योजनेचा आधार हाच निधि होय. कंपन्या हा आकार आपल्या पदरचा भरतात, असें कोणीं मानूं नये. तो शेवटीं ग्राहकाच्या बिलांतूनच निघतो, आणि त्या ग्राहकांत मोबाइल वापरणारा प्रत्येक शेतकरी येतो. तेव्हां या पैशाचा हिशेब मागणें हा आपला हक्क आहे, आणि तो न मागणें हा आळस आहे.

‘शेतास पाणी नाहीं, दिवसा वीज नाहीं, तेथें इंटरनेट काय करावयाचें?’ असा आक्षेप कांहीं बंधु घेतात. पाण्याची व विजेची तक्रार खरी आहे, आणि ती सोडावी असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एक फरक ध्यानांत घ्यावा. सरकारनें आपली चावडीच आतां तारेवर नेली आहे. पूर्वीं तलाठी बांधावर येऊन पीकपाहणी लिहीत असे. २०२१ सालापासून ई-पीक पाहणींत शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून, पिकाचें छायाचित्र काढून, मोबाइलवरून नोंद करावयाची आहे. ही नोंद राहून गेली तर सातबाऱ्यावरील पिकाचा रकाना कोरा राहतो, आणि हमीभावाची खरेदी, पीककर्ज, नुकसानभरपाई या सर्वांत अडचण उभी राहते. सातबाऱ्याचा उतारा, योजनांचे अर्ज, बाजारसमितीचे भाव, हवामानाचा अंदाज, सर्व त्याच वाटेनें येतें. ज्या गांवीं ती वाट बंद आहे, त्या गांवचा शेतकरी सरकारदरबारीं मुका झाला. तालुक्याच्या गांवीं खेटे घालण्यांत त्याचा दिवस व गाडीभाडें जातें, आणि हा दंड त्यास कोणत्याहि गुन्ह्यावांचून भरावा लागतो.

दुसरा आक्षेप असा कीं, टॉवर आहेत, मग तार कशास? यांतहि थोडा गैरसमज आहे. टॉवरपासून मोबाइलपर्यंतचा मार्ग हवेंतून असला, तरी टॉवरला मजकूर पुरविणारा मागचा मार्ग भक्कम असावा लागतो, आणि त्या कामीं फायबरसारखें दुसरें साधन नाहीं. विहिरीचा झरा बारीक असेल तर मोठा पंप बसवून काय उपयोग? शिवाय टॉवरची शक्ति भोंवतालच्या सर्वांत वांटली जाते. संध्याकाळीं सर्वांनीं एकदम मोबाइल उघडले म्हणजे काय होतें, तें सर्वांस ठाऊक आहे.

आतां दोष कोठें आहे तें पाहूं. मूळ आराखड्यांत तार तालुक्याच्या ठिकाणाहून गांवोगांव एकेरी रेषेनें नेली होती. मध्यें एका जागीं ती तुटली कीं पुढचीं सर्व गांवें बंद. रस्ता रुंद करतांना, नळाची वाहिनी टाकतांना, विहिरीची पाइपलाइन खोदतांना यंत्राचा एक फटका पुरे. याहून मोठा दोष मोजणींत आहे. किती किलोमीटर तार पुरली व किती पंचायती ‘सेवेस सज्ज’ झाल्या, हे आंकडे वारंवार सांगितले जातात. परंतु सज्ज होणें निराळें व चालूं असणें निराळें. कालव्यांत पाणी सोडल्याची नोंद कचेरींत असून शेपटीकडील शेत कोरडें असावें, हा अनुभव ज्यांनीं घेतला आहे त्यांस हा भेद समजावून सांगावयास नको.

२०२३ च्या योजनेंत कांहीं सुधारणा आहेत, हें न्यायानें कबूल केलें पाहिजे. तार आतां वलयाकार नेण्याची योजना आहे, म्हणजे एका बाजूनें तुटली तरी दुसऱ्या बाजूनें सेवा चालूं राहील. देखभालीसाठीं १० वर्षांची तरतूद आहे. पंचायतींखेरीज सुमारें ३ लाख ८० हजार गांवांस मागणीप्रमाणें जोडणी देण्याचें ठरलें आहे. म्हणजे पाटकरी हवा हें सरकारासहि पटलें आहे. प्रश्न एवढाच कीं, त्याचें वेतन तार पुरल्याबद्दल मिळणार कीं ती चालूं ठेवल्याबद्दल?

या बाबतींत आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर महिन्यांतून किती दिवस तार चालूं होती, हें लिहिलें जावें, आणि कंत्राटदाराचें देखभालीचें देणें त्या आंकड्यावरून ठरावें. दुसरी, जवळच्या गांवांतील एखाद्या शिकलेल्या तरुणास तार जोडण्याचें शिक्षण व हत्यार देऊन जबाबदार करावें; जिल्ह्याच्या ठिकाणाहून माणूस येण्याची वाट पाहण्यांत आठवडे जाऊं नयेत. तिसरी, पंचायतीच्या कचेरीपासून वाड्यावस्त्यांपर्यंतचा शेवटचा टप्पा विसरला जाऊं नये, कारण आपल्यापैकीं पुष्कळांचें बिऱ्हाड गांवठाणांत नसून मळ्यांत असतें.

हा शेवटचा टप्पा सरकारनें एकट्यानें करावा असें आम्हांस वाटत नाहीं. नाशिक जिल्ह्यांत वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटीस असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांनीं १९९० च्या सुमारास पाणीवापर संस्था स्थापून पाण्याचें वांटप स्वतःकडे घेतलें. धरण सरकारचें, वांटप शेतकऱ्यांचें, ही रीत तेथें यशस्वी झाली, आणि २००५ सालीं शेतकऱ्यांकडून सिंचनाच्या व्यवस्थापनाचा स्वतंत्र कायदाहि राज्यांत झाला. भारतनेटमध्यें गांवांतील उद्योजकानें ‘भारतनेट उद्यमी’ म्हणून घरोघरीं जोडण्या द्याव्या, अशी सोय आहे. हें काम एकट्या व्यक्तीऐवजीं गांवच्या सोसायटीनें कां घेऊं नये? वर्गणी गांवची, माणूस गांवचा, आणि तक्रारहि गांवांतच मिटावी.

शेवटीं आपल्याहि पदरीं कांहीं कर्तव्य येतें. बांधाजवळ यंत्रानें खोदण्यापूर्वीं तार कोठून गेली आहे याची चौकशी करावी. त्यासाठीं सरकारनें मार्च २०२३ मध्यें ‘कॉल बिफोर यू डिग’ नांवाची सोय काढली आहे. पंचायतीचें वीजबिल थकून यंत्र बंद पडूं नये, हें सभासदांनीं पाहावें. ग्रामसभेंत रस्त्याचा व नळाचा प्रश्न विचारतों, तसाच तारेचाहि विचारावा, आणि उत्तर ठरावाच्या वहींत लिहून घ्यावें. बंधाऱ्याचा पैसा आपण दिलाच आहे. पाटकरी मागून घेतला नाहीं, तर पाट गाळानें भरेल, आणि त्याचा दोष मग एकट्या सरकारवर टाकतां येणार नाहीं.