नाव जुळले, पेटीचे काय?

पवनीचा कापड व्यापारी आता कामाच्या घाईत कधीमधी विमानानेही जातो. पहाटे घर सोडायचे, 80 किलोमीटरच्या आसपास असलेले नागपूर गाठायचे आणि विमानतळाच्या दारात तिकीट व ओळखपत्र दाखवायचे. दोन्हींवरचे नाव जुळले तर आत, नाही तर तिथेच थांबा.

आमच्या परिचयाच्या एका व्यापाऱ्याला एका विमानतळावर असेच थांबावे लागले. तिकिटावर 'मोहम्मद' पूर्ण होते, ओळखपत्रावर त्याचे दोन अक्षरी रूप. फोटो त्यांचाच, जन्मतारीखही तीच. समजूत पटेपर्यंत विमान गेले, तिकिटाचे पैसे बुडाले आणि पुढचा सौदाही हुकला. आपल्या भागात हा प्रश्न नवा नाही. सातबारावर 'शेख अमुक वल्द शेख तमुक', शाळेच्या दाखल्यात 'शेख' शेवटी, बँकेत आणखी तिसरेच. माणूस एक, नावे तीन.

सुरक्षेसाठी एवढा त्रास सोसायला आमची हरकत नाही. पण नाव तपासल्याने विमान खरोखर सुरक्षित होते काय?

इतिहास वेगळेच सांगतो. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान स्फोटाने समुद्रात कोसळले आणि 329 जीव गेले. बॉम्ब असलेली पेटी विमानात चढली, पण पेटीवाला चढलाच नाही. ज्याची पेटी तो विमानात नसेल तर पेटी उतरवा, हा साधा नियम तेव्हा पाळला असता तर ते लोक वाचले असते. 5 सप्टेंबर 1986 रोजी मुंबईहून निघालेले पॅन अ‍ॅमचे विमान कराचीत बळकावले गेले. बळकावणारे सुरक्षा रक्षकांच्या वेषात आले होते. म्हणजे ओळख पाहूनच फसगत झाली. 2001 च्या 11 सप्टेंबरला अमेरिकेत विमाने बळकावणारे तर बहुतेक स्वतःच्याच नावाच्या तिकिटावर बसले होते.

याउलट, 1973 च्या जानेवारीपासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची व हातातील सामानाची तपासणी सुरू झाली आणि विमान अपहरणे झपाट्याने घटली. 2001 नंतर वैमानिकाच्या खोलीचे दार मजबूत केले गेले, त्याचाही उपयोग झाला. डिसेंबर 1999 मध्ये काठमांडूहून निघालेल्या आपल्या विमानात शस्त्रे पोहोचली, ती झडती ढिली असल्यामुळेच. त्यानंतर 2000 सालापासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे विमानतळ टप्प्याटप्प्याने सोपवले गेले, ते योग्यच झाले.

ओळखपत्र निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. दुसऱ्याच्या तिकिटावर प्रवास थांबतो, दारातली गर्दी आवरते, अपघात झाला तर विमानात कोण होते ते कळते. डिसेंबर 2022 पासून काही विमानतळांवर चेहरा ओळखणारी 'डिजियात्रा' आली. तिने रांग लवकर सरकते. पण यंत्र असो की जवान, ते माणूस कोण एवढेच सांगतात. त्याच्या मनात काय आणि पेटीत काय, हे कागद सांगत नाही. तराजूवर शिक्का आहे म्हणून माल चोख असतोच असे नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. पेटीची आणि अंगझडतीची तपासणी कितीही कडक करा, आम्ही रांगेत उभे राहू. मात्र फोटो व जन्मतारीख जुळत असताना केवळ एका अक्षरासाठी प्रवासी परत पाठवू नका. अशी किरकोळ दुरुस्ती दारातच आणि विनामूल्य व्हावी.

तोवर व्यापारी बांधवांनीही सावध राहावे. तिकीट काढणाऱ्याला नाव तोंडी सांगू नका, ओळखपत्रच दाखवा. तिकीट हाती येताच अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आधार, पॅन आणि बँकेतील नाव सवडीने एकसारखे करून घ्या. ऐनवेळी धावपळ करण्यापेक्षा हा एक दिवसाचा खोळंबा स्वस्त पडेल.