१ ऑक्टोबरपासून खोटी सही मिळणार नाही

प्रति,
नाशिक शहर आणि जिल्ह्यातील खासगी नर्सिंग महाविद्यालयांचे संस्थाचालक, विश्वस्त आणि प्राचार्य

हा इशारा आहे. विनंत्या करून झाल्या, अर्ज देऊन झाले. अर्जाची पोच मागितली तेव्हा "मॅडम, एवढं कशाला मनाला लावून घेता?" हेही ऐकून झालं. आता तारीख ऐका : ३० सप्टेंबर २०२६. तोवर खाली मागितलेलं झालं नाही, तर १ ऑक्टोबरपासून आम्ही ट्यूटर आणि क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, जे काम आमच्या हातून झालेलं नाही त्याखाली सही करणार नाही. लॉगबुकात नाही, हजेरीपटावर नाही, इन्स्पेक्शनच्या फॉर्मवर तर नाहीच.

आम्ही संप करणार नाही. वॉर्ड सोडणार नाही, मुलींना वाऱ्यावर सोडणार नाही. फक्त खरं तेवढंच लिहू. एवढ्या साध्या गोष्टीची धमकी वाटावी, यावरून आपली कॉलेजं कशावर उभी आहेत ते तुमचं तुम्हीच ताडा.

भारतीय नर्सिंग परिषदेचा नियम एका शिक्षकामागे दहा विद्यार्थ्यांचा आहे. बी.एस्सी. नर्सिंगच्या साठ जागा, चार वर्षं, म्हणजे दोनशे चाळीस मुलं-मुली आणि चोवीस शिक्षक. इन्स्पेक्शनच्या दिवशी ते चोवीस दिसतातही. कुणी धुळ्याहून सकाळच्या गाडीने येतं, कुणी जळगावहून. ॲप्रन घालतात, फोटो होतो, जेवण होतं, संध्याकाळी परत. दुसऱ्या दिवशी कॉलेजात उरतो आम्ही, आणि तीच दोनशे चाळीस. आमच्यातल्या दोघी सुटीवर, एक बाळंतपणाला गेली ती परत घेतलीच नाही, एकीला 'तात्पुरतं' ऑफिसात बसवलेलं. वॉर्डात मग एकीच्या वाट्याला तीस-चाळीस मुली येतात, त्याही दोन मजल्यांवर पसरलेल्या.

तिथे काय होतं ते तुमच्यापैकी जे कधी वॉर्डात आले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. खालच्या मजल्यावर मेडिकल वॉर्डात पहिल्या वर्षाची मुलगी पक्षाघाताच्या आजोबांच्या खाटेशी उभी आहे. नाकातून पोटात घातलेल्या नळीतून तिला दूध द्यायचंय. देण्याआधी सिरिंजने मागे ओढून पोटातलं पाणी येतं का ते बघायचं, नळी जागेवर आहे याची खात्री करायची. नळी सरकून श्वासनलिकेत गेली असेल तर तेच दूध फुफ्फुसात जाणार. मुलीला पायऱ्या पाठ आहेत, पण हात थरथरतोय आणि नजर दाराकडे आहे : मॅडम कुठे? मॅडम वरच्या मजल्यावर आहेत. तिथे तिसऱ्या वर्षाच्या मुलीने पोटॅशियम क्लोराइडचं ॲम्प्यूल फोडलंय. ते सलाईनमध्ये मिसळून, हळूहळूच द्यायचं असतं. थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. तिचा हात धरावा तर खालची एकटी पडते, खाली धावावं तर ही. मधल्या जिन्यात इन्चार्ज सिस्टर गाठते : "मॅडम, तुमच्या मुली जरा सांभाळा हो." तिचंही चुकत नाही, तिच्याकडेही तेवढ्याच खाटा आणि अर्धाच स्टाफ.

संध्याकाळी दोन्ही मुली लॉगबुक पुढे करतात. रकान्यावर छापलेलं असतं : देखरेखीखाली केले. आम्ही सही करतो.

ताण म्हणतात तो हा. झोप उडते ती या सहीने. रात्री दोन वाजता डोळे उघडतात आणि आठवतं की त्या आजोबांची नळी आपण पाहिलीच नव्हती.

यावर तुमचा उतारा ठरलेला आहे. वर्षातून एकदा सेमिनार हॉलमध्ये ताण-व्यवस्थापनाची कार्यशाळा. बाहेरचे पाहुणे, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, मग डोळे मिटून दीर्घ श्वास घ्या. त्या कार्यशाळेचं सूत्रसंचालन, फलक, चहा, उपस्थितीचा अहवाल आणि फोटोंची फाइल हेही आमच्याच गळ्यात. दीर्घ श्वासाला आमची ना नाही. तो आम्हीच मुलींना शिकवतो, मानसोपचार परिचर्येच्या तासाला. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामामुळे येणाऱ्या या थकव्याची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या ताणाचा नीट बंदोबस्त झाला नाही की उद्भवणारी गोष्ट, असं म्हटलं. बंदोबस्त करायचा तो कामाच्या ठिकाणाच्या मालकाने. आमच्या नाकपुड्यांनी नव्हे.

वॉर्ड संपला की कॉलेज सुरू होतं. २०२१ च्या नव्या अभ्यासक्रमाने बी.एस्सी.ला सेमिस्टर आलं. वर्षाची एक परीक्षा होती, तिच्या दोन झाल्या. इंटर्नल, प्रॅक्टिकल, व्हायवा सगळंच दुप्पट. माणसं तेवढीच. त्यात हॉस्टेलची वॉर्डनकी, मुलींच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म, आणि उन्हाळ्यात सुरगाणा, पेठ, कळवणच्या बाजूला फिरून 'ॲडमिशन आणा'. किती आणल्या त्यावर पुढच्या वर्षीची नेमणूक. पगार विचारला तर 'शिष्यवृत्तीचे पैसे शासनाकडून आले की'. शासनाचं घोडं तिथे पेंड खातं आणि उपास आमच्या घरी.

पगाराचं एकदा बोलूनच टाकू. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगारासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली होती. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही वीस हजारांच्या खाली कुणाला देऊ नये, आणि दोनशेहून जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेएवढंच द्यावं, असं त्या समितीने सांगितलं. ते परिचारिकेचं झालं. ती परिचारिका घडवणाऱ्या ट्यूटरला आज, इतक्या वर्षांनी, तुम्ही हातावर काय टेकवता ते बँकेचं पासबुक सांगेल. आणि बँकेत जमा करून त्यातलं परत रोखीने मागणाऱ्यांनी तर हे पत्र दोनदा वाचावं.

कोर्टात जा म्हणाल. जाऊन पाहिलेलं आहे, आमच्याआधीच्यांनी. गोव्यातल्या एका शाळेच्या शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये निकाल दिला की तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात शिक्षक 'कामगार' धरता येत नाही. म्हणजे सलाईन लावताना आम्ही नर्स, तक्रार करताना मात्र शिक्षक. तरी एक लक्षात ठेवा : ग्रॅच्युइटीच्या कायद्यात २००९ साली दुरुस्ती होऊन शिक्षकांना १९९७ पासूनचा हक्क मिळाला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. पाच वर्षं भरत आली की 'ब्रेक' देण्याची तुमची हुशारी आता कागदावर येईल. तारखा आम्ही जपून ठेवल्या आहेत.

हे सगळं आताच का? सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे म्हणून. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. घाटांवर आणि पार्किंगतळांवर प्रथमोपचार केंद्रं लागतील, आणि 'मनुष्यबळ' म्हणून नर्सिंगच्या मुलींचे आकडे तुम्ही उत्साहाने द्याल, हे सांगायला ज्योतिषी नको. या शहराने २७ ऑगस्ट २००३ ची चेंगराचेंगरी पाहिली आहे. ३९ भाविक गेले. २१ एप्रिल २०२१ ला डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून ऑक्सिजनचा पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. अशा वेळी खाटेजवळ जे कुणी असतं त्याला पुस्तक उघडायला सवड नसते. ज्या मुलीने आयुष्यात एकदाही मॅडमच्या नजरेखाली ॲम्बू बॅग दाबलेली नाही, पण जिच्या लॉगबुकात तशी सही आहे, ती रामकुंडावर उभी राहणार आहे. ती सही आमची असेल. म्हणून आता.

तेव्हा ३० सप्टेंबरपर्यंत हे करा. वॉर्डात एका ट्यूटरमागे दहाच मुली, आणि पोस्टिंगचा तक्ता रोजच्या रोज सूचनाफलकावर. आमची मूळ प्रमाणपत्रं तुमच्या कपाटात अडकवून ठेवली आहेत ती परत. ती तारण नाहीत. पगार दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत बँकेत, शिष्यवृत्ती येवो न येवो. वॉर्डनकीला वेगळं माणूस. ॲडमिशनचं टार्गेट बंद. बाळंतपणाच्या रजेवर गेलेली बाई त्याच जागेवर परत. आणि सिंहस्थाच्या ड्यूटीचा लेखी हुकूम, विमा आणि तिथेही एकास दहा. यातलं एकही मागणं नवं नाही. बरंचसं तर तुम्ही मान्यतेच्या अर्जात 'पूर्तता केली' म्हणून आधीच लिहून दिलेलं आहे.

एखादीला वेगळं बोलावून 'तुझ्या रिन्यूअलचं बघू' असं सांगण्याचा प्रयत्न कराल. करून बघा. ज्या दिवशी एकीला काढाल, त्या दिवशी गेल्या इन्स्पेक्शनला कोण कुठून आलं होतं त्याची यादी दिंडोरी रोडवर म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठात आणि मुंबईला महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे रजिस्टर्ड पोस्टाने जाईल. विद्यापीठ आपल्याच गावात आहे. तपासणी पथकाला लांबून यावं लागणार नाही. विद्यापीठालाही एवढंच सांगणं आहे : सांगून येऊ नका. कुठल्याही मंगळवारी सकाळी आठ वाजता वॉर्डात या आणि ॲप्रन मोजा.

पालकांनो, घाबरू नका. तुमच्या मुलीचं वर्ष बुडवायला आम्ही निघालेलो नाही. तिच्या लॉगबुकातला एखादा रकाना रिकामा दिसला, तर ते काम तिला शिकवलं गेलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. ते शिकवायला आम्ही तयार आहोत, रविवारीसुद्धा. रकाना रिकामा का, ते मात्र ज्यांच्याकडे फी भरलीत त्यांना विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

आमच्यातही काही जण कचरतील. घराचे हप्ते आहेत, नवऱ्याची नोकरी गेलेली आहे, सिन्नरहून रोज एसटीने येणाऱ्या आहेत. त्यांच्यावर आमचा राग नाही. त्यांनी सही केली तरी चालेल. फक्त सहीसमोर त्या दिवशी आपल्याकडे किती मुली होत्या तो आकडा लिहावा. बाकी काही नको.

१ ऑक्टोबरला सकाळी साडेसातच्या पोस्टिंगला आम्ही वेळेवर हजर असू, प्रत्येकी दहा मुली घेऊन. अकराव्या मुलीचं काय करायचं, ते तुम्ही तोवर ठरवा.

नाशिकमधील नर्सिंग ट्यूटर आणि क्लिनिकल इन्स्ट्रक्टर