कुंचला आणि यंत्र

इंदूर शहराबाहेर, खंडव्याकडे जाणाऱ्या मार्गावर सिमरोल हे गाव आहे. २००९ साली स्थापन झालेल्या इंदूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेमुळे त्याचे नाव देशभर पोहोचले. होळकरांच्या याच नगरीत दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली चित्रकलेची शाळा उभारली आणि तिच्यातून ना. श्री. बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, विष्णू चिंचाळकर यांच्यासारखे कलावंत घडले. एका बाजूस कुंचल्याची परंपरा, दुसऱ्या बाजूस यंत्रविद्येचे पीठ! या दोहोंची गाठ कशी पडावी, हा केवळ माळव्याचा प्रश्न नव्हे; गोमंतकानेही तो आपला मानला पाहिजे.

कलादालनाचे स्वरूप आज पालटत आहे. प्रेक्षक चित्रासमोर उभा न राहता चित्रात शिरू लागला आहे. त्याच्या पावलांनी प्रकाश बदलतो, हालचालीने ध्वनी उमटतो. पणजीत २०१६ साली सुरू झालेल्या सेरेंडिपिटी कला महोत्सवामुळे अशा कलेचा परिचय आपल्यालाही आहे. यंत्र शिरले की कला बाटते, अशी ओरड काही रसिक करतात. ती आम्हांस मान्य नाही. मुंबईच्या कलाशाळेत शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी यंत्र हाती घेतले नसते, तर १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आलाच नसता.

खरा धोका निराळाच आहे. कलावंताने कल्पना काढावी आणि तंत्रज्ञाला आयत्या वेळी तारा जोडण्यास बोलवावे, किंवा यंत्रे आधी खरेदी करून कलावंताकडून त्यांवर रंगकाम करून घ्यावे, ही आपल्याकडची रीत झाली आहे. न्यूयॉर्कमध्ये १९६६ साली बिली क्लूव्हर या अभियंत्याने आणि रॉबर्ट राउशेनबर्ग या चित्रकाराने दहा कलावंत व सुमारे तीस अभियंते एकत्र आणले. तेथे टेनिसच्या रॅकेटींत ध्वनिग्राहक बसविले होते. चेंडूच्या प्रत्येक टोल्यासरशी सभागृहातला एकेक दिवा विझत जाई. ही कल्पना चित्रकाराची की अभियंत्याची, हे वेगळे काढता येऊ नये, यातच तिचे यश होते.

गोव्यात कला महाविद्यालय १९७२ पासून आहे; भारतीय तंत्रज्ञान संस्था २०१६ साली आली. दोन्हींच्या विद्यार्थ्यांना वर्षातून एक काम संयुक्तपणे करावयास लावावे, गुण दोघांना सारखे द्यावेत आणि सरकारने मांडणीच्या खर्चाबरोबर देखभालीचीही तरतूद करावी. उद्घाटनानंतर महिन्याभरात बंद पडणारी यंत्रे हा जनतेच्या पैशाचा अपव्यय होय. नरकासुराला मान हलवावयास लावणारे आमच्या वाड्यांवरील तरुण वेल्डर आणि वीजकामगार यांनाही या कामात मानाचे स्थान हवे. त्यांना पदवी नसेल, पण विद्या आहे.

कुंभारजुव्यात चतुर्थीच्या सातव्या दिवशी दोन होड्या एकत्र बांधून सांगोड सजते आणि तिच्यावर पौराणिक देखावा उभा राहतो. एका होडीला तो भार पेलत नाही. शिक्षणखात्याने एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ होईल.