तूट कोणाची, समतोल कोणाचा?

तामिळनाडूचे वित्तमंत्री तंगम तेन्नरसू यांनी १४ मार्च २०२५ रोजी विधानसभेपुढे २०२५-२६ या वर्षाचे अंदाजपत्रक ठेवले. महसुली जमा ३ लाख ३१ हजार ५६९ कोटी रुपये, महसुली खर्च ३ लाख ७३ हजार २०४ कोटी, आणि दोहोंतील अंतर ४१ हजार ६३५ कोटी. याच सरकारचे पहिले वित्तमंत्री पळनिवेल त्यागराजन यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये श्वेतपत्रिका काढून २०२०-२१ ची महसुली तूट ६१ हजार कोटींच्या वर गेल्याचे जाहीर केले होते. तेव्हापासून सरकारची वाटचाल तूट कमी करण्याच्या दिशेने झाली आहे. राजकोषीय तूट राज्याच्या सकल उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवर आणून ठेवली गेली आणि तिच्या जोडीला २०३० पर्यंत एक लाख कोटी डॉलरची अर्थव्यवस्था उभी करण्याचा संकल्प सोडला गेला.

आकड्यांची ही शिस्त पाहून अर्थतज्ज्ञ म्हणवणारी मंडळी माना डोलावतात. आमचा आक्षेप शिस्तीला नाही. जमा आणि खर्च यांचा मेळ घातलाच पाहिजे, हे कोणताही संसारी माणूस जाणतो. परंतु मेळ घालताना जमेच्या बाजूला कोणाचा खिसा आहे आणि खर्चाच्या बाजूला कोणाचे पोट कापले आहे, हे पाहिल्याखेरीज ‘समतोल’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही. (मराठीत आपण बजेटला ‘अर्थसंकल्प’ म्हणतो, तमिळमध्ये ‘वरवु-सेलवु’, म्हणजे साधा जमाखर्च, असेही म्हणतात. आम्हा अनुवादकांना हा दुसरा शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. संकल्प कोणीही सोडावा. जमाखर्चात लपवाछपवी फार काळ चालत नाही.)

हा प्रश्न चेन्नईच्या सचिवालयातून नीट दिसत नाही. तो पाहायला तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशमसारखे ठिकाण बरे. तंजावर-कुंभकोणम रस्त्यावरचे, कावेरीच्या फाट्यांनी वेढलेले, भाताच्या शिवारातले हे तालुक्याचे गाव. गावाला लागून तिरुप्पालैतुरै येथे पालैवननाथाचे देऊळ आहे आणि त्याच्या आवारात सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातले, नायक राजवटीत बांधलेले विटांचे एक गोल कोठार उभे आहे. सुमारे ३६ फूट उंच आणि तीन हजार कलम भात मावेल एवढे. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने त्याला संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केले आहे. हे कोठार म्हणजे त्या काळचे शिलकी अंदाजपत्रकच होय. ते कोणी बांधविले हे इतिहासात नमूद आहे. ते भरण्यासाठी ज्यांनी चिखलात कमरेपर्यंत उभे राहून रोपे लावली त्यांच्या वाट्याला किती भात उरला, याची नोंद कोणी ठेवली नाही.

नायकांच्या मागून भोसले आले. तंजावरचे मराठी राज्य म्हटले की आपल्या वाचकाला सरस्वती महाल ग्रंथालय आणि सरफोजीराजांची विद्वत्ता आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु याच सरफोजीराजांनी ऑक्टोबर १७९९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी केलेला तह जमाखर्चाच्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. राज्याचा सारा कारभार कंपनीकडे गेला. राजाला वर्षाला एक लाख होन आणि मुलखाच्या निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा ठरला. वसुली एकाची, हिस्सा ठरवणाराही तोच, आणि ज्याचा मुलूख तो नेमणुकीवर! राज्यांच्या आजच्या आर्थिक स्थितीवर बोलताना हा तह आम्हाला वारंवार आठवतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्रीय करांच्या विभाज्य रकमेतला ४१ टक्के भाग राज्यांना दिला आणि त्यात तामिळनाडूचा वाटा ४.०७९ टक्के धरला. शिवाय उपकर आणि अधिभार विभाज्य रकमेत धरलेच जात नाहीत. ते संपूर्ण केंद्राचे.

‘प्रांतिक सरकारचे समतोल अंदाजपत्रक’ हा वाक्प्रयोग ज्या काळात रूढ झाला तो काळही याच मद्रास इलाख्याचा. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली, १९३७ च्या जुलैत राजगोपालाचारी मुख्यमंत्री झाले आणि वित्त खातेही त्यांनी स्वतःकडेच ठेवले. १ ऑक्टोबर १९३७ पासून सेलम जिल्ह्यात त्यांनी दारूबंदी लागू केली. पुढे चित्तूर, कडप्पा आणि उत्तर अर्काट या जिल्ह्यांतही. अबकारी हे प्रांताच्या उत्पन्नाचे मोठे साधन. ते आटू लागले, आणि कर्ज काढून खर्च भागवणे तर राजाजींच्या तत्त्वात बसणारे नव्हते. तेव्हा १९३९ मध्ये त्यांनी सर्वसाधारण विक्रीकराचा कायदा केला, हिंदुस्थानातला असा पहिला. त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडाने मोटारच्या इंधनावर विक्रीकर बसवला होता. तो मध्यवर्ती सरकारच्या अधिकारावर अतिक्रमण करतो की काय, असा वाद संघ न्यायालयात गेला आणि निकाल प्रांताच्या बाजूने लागला. नागपूर आणि मद्रास या दोन ठिकाणी मिळून प्रांतांच्या हाती पहिले स्वतःचे भरीव हत्यार आले.

विक्रीकर गोरगरिबांच्या मिठामिरचीपर्यंत पोहोचतो, हा आक्षेप खराच आहे. अप्रत्यक्ष कराचा बोजा नेहमी खालच्या थरावर अधिक पडतो. तरीही एक गोष्ट राजाजींच्या पदरात टाकली पाहिजे: दारूच्या पैशावर सरकार चालवायचे नाही असे ठरवून त्यांनी त्या पैशाची भरपाई दुसरीकडून केली, आणि ती करण्याचा अधिकार प्रांताकडे होता.

पुढे काय झाले? १९७१ मध्ये करुणानिधी सरकारने दारूबंदी उठवली, १९७४ मध्ये पुन्हा लादली. १९८१ मध्ये रामचंद्रन सरकारने ती पुन्हा सैल केली. १९८३ मध्ये राज्याचे दारूविक्री महामंडळ, ‘टास्मॅक’, स्थापन झाले आणि २००३ मध्ये जयललिता सरकारने किरकोळ विक्रीची मक्तेदारीही त्याला दिली. दुसरीकडे १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि मद्रासने जन्माला घातलेला विक्रीकर राज्यांच्या हातून जवळजवळ संपूर्ण गेला. हाती उरले ते प्रामुख्याने दोनच: इंधन आणि दारू. २०२४-२५ मध्ये टास्मॅकमुळे सरकारच्या तिजोरीत ४८ हजार कोटींहून अधिक रक्कम आली. वर दिलेल्या महसुली तुटीशी ही रक्कम ताडून पाहावी. जे कर बसवायचा तो अधिकार वर गेला आणि ज्याची बंदी करायची त्याच्यावर कारभार आला. द्रविड पक्षांपैकी कोणाचे सरकार आहे यावर यात फरक पडलेला नाही. शेतमजुराच्या दिवसभराच्या मजुरीतून टास्मॅकच्या दुकानात जे परत येते, ते ‘राज्याचे स्वतःचे उत्पन्न’ म्हणून जमेच्या बाजूला मांडले जाते. अशा समतोलाबद्दल वित्तमंत्र्यांचे अभिनंदन करणे आम्हाला जमणार नाही.

खर्चाच्या बाजूकडे वळल्यास मात्र आमचे मत या सरकारच्या टीकाकारांपेक्षा वेगळे आहे. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांनी लोकांना दिल्या जाणाऱ्या सवलतींना ‘रेवडी’ म्हटले आणि तेव्हापासून वित्तीय शिस्तीच्या प्रत्येक चर्चेत हा शब्द फेकला जातो. तामिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये शाळकरी मुलांना सकाळची न्याहारी सुरू केली आणि सप्टेंबर २०२३ पासून एक कोटीहून अधिक स्त्रियांना दरमहा हजार रुपये ‘हक्काची रक्कम’ म्हणून देण्यास आरंभ केला. २०२५-२६ साठी या दुसऱ्या योजनेला १३ हजार ८०७ कोटींची तरतूद होती. याला रेवडी म्हणणाऱ्यांच्याच मित्रपक्षांनी महाराष्ट्रात २०२४ च्या निवडणुकीपूर्वी ‘लाडकी बहीण’ योजना आणली, तेव्हा तो शब्द कोठे गेला होता? उपाशी मुलाच्या ताटात पडलेली खिचडी आणि भाताच्या लावणीत पाठ मोडलेल्या बाईच्या हाती आलेली नोट यांना महसुली खर्च म्हणून हिणवायचे आणि कारखानदाराला दिलेल्या सवलतीला ‘गुंतवणुकीस प्रोत्साहन’ म्हणायचे, हा हिशेबाचा नव्हे, वर्गाचा भेद आहे. राज्याची तूट वाढण्याचे एक कारण तर थेट दिल्लीत आहे. नव्या शिक्षण धोरणाशी बांधलेली योजना स्वीकारली नाही म्हणून समग्र शिक्षा अभियानाचे २ हजार १५२ कोटी रुपये केंद्राने अडवले. शिक्षकांचे पगार थांबू नयेत म्हणून राज्याने ती रक्कम स्वतःच्या तिजोरीतून घातली.

आता विकासाच्या योजनांकडे. २०२४-२५ मध्ये तामिळनाडूचा वाढीचा दर आधी ९.६९ टक्के सांगितला गेला आणि सुधारित आकड्यांनुसार तो ११.१९ टक्के ठरला. देशातल्या मोठ्या राज्यांत हा वेग उठून दिसणारा आहे आणि तो खोटा ठरवण्याची आम्हाला गरज वाटत नाही. परंतु ही वाढ श्रीपेरुंबुदूर, होसूर, कोइम्बतूरच्या पट्ट्यात झाली. पहिल्या अंदाजानुसार त्याच वर्षी शेती आणि तिच्याशी निगडित व्यवसाय मिळून होणाऱ्या प्राथमिक क्षेत्राची वाढ जवळजवळ शून्य होती. कावेरीच्या खोऱ्यासाठी २०२० मध्ये पळनिस्वामी सरकारने संरक्षित कृषी विभागाचा कायदा केला. तेल आणि वायूच्या नव्या विहिरींपासून भातशेती वाचली, ही मोठी गोष्ट झाली आणि त्यामागे शेतकऱ्यांचा दीर्घ लढा होता. पण मनाई करणे स्वस्त असते. सप्टेंबर २०२४ मध्ये तंजावरात संगणक कंपन्यांसाठी छोटे ‘टायडेल’ संकुल उघडले, हेही चांगलेच. पापनाशमच्या शेतमजुराची किती मुले त्याच्या लिफ्टमध्ये पाऊल टाकतील?

त्या शेतमजुराला आणि लहान शेतकऱ्याला लागते ते फार साधे आहे. १२ जूनला मेट्टूरचे पाणी सुटावे, कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत ते पोहोचावे आणि पिकलेला भात वेळेवर विकला जावा. नागरी पुरवठा महामंडळाच्या थेट खरेदी केंद्रांवर साध्या भाताला क्विंटलमागे २,५०० रुपये देण्याचे २०२१ च्या निवडणुकीतले आश्वासन सरकारने २०२५-२६ च्या हंगामात, केंद्राच्या २,३६९ रुपये हमीभावात स्वतःची भर घालून, पुरे केले. भाव मिळाला, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये कुरुवैची काढणी आणि ईशान्य मोसमी पाऊस एकाच वेळी आले, खरेदी केंद्रांबाहेर ढीग भिजले, भाताला कोंब फुटले. ओलाव्याची मर्यादा १७ टक्के. ती २२ टक्के करावी म्हणून राज्याने केंद्राकडे विनवणी केली. पाऊस पापनाशममध्ये पडतो आणि दाणा किती ओला चालेल हे दिल्ली ठरवते! हा केंद्राचा दोष. पण त्या भातावर छप्पर का नव्हते, वाळवणी यंत्रे गावोगाव का नव्हती, याचे उत्तर चेन्नईने द्यायचे आहे. २०२५-२६ मध्ये साऱ्या राज्याच्या भांडवली खर्चाला ५७ हजार २३१ कोटी ठेवले होते आणि जुन्या कर्जाच्या व्याजालाच सुमारे ७० हजार कोटी लागणार होते. तूट दाखवण्याची भीती जेव्हा बसते तेव्हा पहिली कुऱ्हाड पडते ती गोदामे, कालवे, पाट यांवर, कारण त्यांच्या वतीने विधानसभेत कोणी ओरडत नाही. चारशे वर्षांपूर्वीचे विटांचे कोठार कोरडे राहावे म्हणून संरक्षित करायचे आणि यंदाचा भात ताडपत्रीखाली ठेवायचा, अशी ही व्यवस्था आहे.

या खोऱ्यात गरिबाचे उत्पन्न ज्यांनी खरोखर वाढवले ते उपाय कोणत्याही अंदाजपत्रकात सापडत नाहीत. १९५२ मध्ये, तंजावरच्या कुळांच्या आणि पन्नैयाळांच्या (आपल्याकडचे सालगडी) दीर्घ लढ्यानंतर राजाजींच्याच सरकारला वटहुकूम काढावा लागला. कुळाला उत्पन्नाचे पाचांतले दोन वाटे मिळाले. १९५६ च्या खंडविषयक कायद्याने तोच वाटा कागदावर साठ टक्क्यांपर्यंत गेला. (मिरासदार हा शब्द तिथेही चालतो आणि अर्थही तोच आहे, हे मराठी वाचकाला सांगायला नको.) या कायद्यांचा तिजोरीवर भार नगण्य होता. त्यांचा भार पडला तो मिरासदारांवर, म्हणूनच तो इतक्या रक्ताने मोजावा लागला. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणीत मजुरीत मूठभर भाताची वाढ मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीत ४४ जणांना एका झोपडीत जाळून मारले गेले. विकासाचा दर मोजणाऱ्यांच्या कोष्टकात अशा मजुरीसाठी रकाना नसतो.

महाराष्ट्राला याबाबतीत एक अभिमानाची आठवण आहे. रोजगार हमीच्या खर्चासाठी १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला, म्हणजे शहरातल्या पगारदाराने दुष्काळी गावातल्या मजुराच्या कामासाठी पैसे दिले. राज्याचा कर, राज्याचा कायदा आणि मजुराचा हक्क, तिन्ही एका सूत्रात. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तो हक्क देशभर गेला आणि अकुशल मजुरीचा सारा खर्च केंद्राने उचलला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस शंभराचे सव्वाशे झाले. पण बहुतेक राज्यांना खर्चाचा चाळीस टक्के वाटा उचलायचा आहे, रक्कम किती मिळेल हे केंद्र आधीच ठरवणार आहे आणि त्यावरचा खर्च राज्याच्या माथी आहे. शिवाय पेरणी-काढणीच्या हंगामात एकूण साठ दिवस हे काम बंद ठेवण्याची मुभा आहे, शेतीला मजूर कमी पडू नयेत म्हणून. कावेरीच्या खोऱ्यात भाताची काढणी कितीतरी वर्षांपासून यंत्रे करीत आहेत. त्या साठ दिवसांत पापनाशमच्या शेतमजूर बाईला शिवारात काम नसेल आणि योजनेतही नसेल. चेन्नईच्या पुढच्या अंदाजपत्रकात मात्र तेवढ्या मजुरीची रक्कम वाचलेली दिसेल, आणि ती तूट कमी झाल्याच्या रकान्यात मांडली जाईल.