‘असामान्य’ आणि ‘अपसामान्य’

मराठीत एखाद्याला ‘असामान्य’ म्हटले की तो गौरव ठरतो. रोगलक्षी अर्थासाठी मानसशास्त्राच्या परिभाषेला ‘अपसामान्य’ हा वेगळा शब्द योजावा लागतो. भाषेने जपलेला हा भेद आपली मनोविश्लेषक समीक्षा मात्र निर्धास्तपणे पुसून टाकते. लेखक चारचौघांपासून वेगळा वागला की न्यूनगंड, दमन, विकृती ही निदाने सिद्धच असतात. सरासरी हे वर्णन असते, मूल्य नव्हे. संख्याशास्त्रीय सरासरीतून आरोग्याची कसोटी निघत नाही, हे जॉर्ज कांगिलेम यांनी १९४३ मध्येच वैद्यकाच्या अंगाने मांडले होते. पेणच्या कारखान्यांत एका साच्यातून शेकडो गणपती निघतात. म्हणून साचा ही देवत्वाची व्याख्या होत नाही.

याच पेण तालुक्यातील गागोद्याला १८९५ मध्ये जन्मलेले विनोबा या कसोटीवर घासून पाहावेत. प्रमाणपत्रे जाळून टाकलेला हा तरुण १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघतो आणि सुरतेला उतरून काशीला जातो. १९५१ पासून तेरा वर्षे भूदान मागत पायी हिंडतो. १९८२ मध्ये अन्न-औषध नाकारून देह ठेवतो. समायोजनाच्या कोणत्या प्रश्नावलीत हा माणूस उत्तीर्ण होईल? आणि ‘गीताई’ची नितळ, काटेकोर शब्दकळा कोणत्या विकाराचे लक्षण मानायची?

रोह्यात १९२० मध्ये जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या प्रेरणेने हजारो माणसे पदरमोड करून अनोळखी गावी भक्तिफेरीला जाऊ लागली. स्वायत्त ‘अहं’ म्हणजेच प्रौढता, असे गृहीत धरणाऱ्या मानसशास्त्राला ती परावलंबी दिसणार. व्ही. एस. नायपॉल यांनी १९७७ मध्ये हेच केले. गांधींच्या आत्मकथेत लंडनचे बाह्यवर्णन नाही, हे त्यांचे निरीक्षण साहित्यिक होते. परंतु सुधीर कक्कर यांच्या आधाराने त्यांनी त्यावरून भारतीय ‘अहं’च अविकसित ठरवला. संहितेतील अभाव हा एका समाजाचा आजार झाला!

मग विक्षिप्ताला सारे माफ काय? मुळीच नाही. आणीबाणीतील ‘अनुशासनपर्व’ या उद्गाराबद्दल विनोबांना जाब विचारलाच पाहिजे. पण तो राजकीय आणि नैतिक जाब असला पाहिजे. निदान केले की वाद संपतो. रुग्णाशी कोणी युक्तिवाद करीत नाही, त्याची कीव करतो. या समीक्षेचा खरा दोष हा आहे: ती कठोर नाही, पळपुटी आहे.

मानसिक यातना खऱ्या असतात. त्यांना उपचार हवेतच. मात्र समाजातील रूढ नैतिक, सांस्कृतिक वा राजकीय मूल्यांशी न जुळणे हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम स्पष्टपणे सांगतो. कायद्याने डॉक्टरला नाकारलेला हा अधिकार समीक्षकाला कोणी दिला?