‘आता बसून राहा’ म्हणणाऱ्यांना

न्हाणीत घसरून म्हाताऱ्या बाईचं खुब्याचं हाड मोडतं. शस्त्रक्रिया होते, हाड जुळतं, धास्ती मात्र मनात घर करते. मग सगळे बजावतात, ‘आता बसून राहा, पुन्हा पडलात तर करणार कोण?’ काळजीच्या नावाखाली हा बंदिवासच!

बसून राहिल्याने पायांतली ताकद जाते, तोल बिघडतो आणि पडण्याचा धोका आणखी वाढतो. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात, म्हणून तर व्यायाम अधिकच हवा. धास्तीवरही उपाय आहे: आधाराने उभं राहणं, रोज चार पावलं जास्त, पडल्यावर उठायचं कसं याचा सराव आणि भीती बोलून दाखवायला हक्काचं माणूस. हे सांगायला किती डॉक्टरांना सवड असते?

एसटीने २०२२ साली ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास दिला, २०२३ साली बायकांना अर्धं तिकीट. पण गाडीच्या उंच पायरीवर तिने चढायचं कसं?

जन्मभर घर तोलून धरणारीला न्हाणीत धरायला साधा दांडा नसावा? मैत्रिणींनो, दांडा, जिन्यात दिवा, सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपी हे तिचे हक्क आहेत. ते मागू या. आणि पुढच्या बैठकीला तिला हात धरून घेऊन येऊ या!