होडीच्या शर्यतीत ‘पुरुष’ गट हवाच कशाला?

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या जाम नदीचे नाव निघाले की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची दगडफेकीची गोटमारच आठवते. पाण्यावरची शर्यत कोणाच्या डोक्यात येत नाही. पण या राज्यात होड्यांचा खेळ आता नवलाईचा राहिलेला नाही. भोपाळच्या छोट्या तलावावर सराव केलेली पॅरा कनोइंगपटू प्राची यादव टोकियो पॅरालिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचली आणि २०२३ मध्ये हांगझोला आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण घेऊन आली. सीहोर जिल्ह्यातल्या मासेमार घरातली कावेरी ढीमर कनोइंगमध्ये राष्ट्रीय पदकांपर्यंत गेली. उद्या पांढुर्णा-सौंसरकडच्या एखाद्या तलावावर हौशी शर्यत भरली, तर आयोजकांना सगळ्यात आधी गट पाडावे लागतील. त्यांनी एक खुला, एक महिलांचा आणि एक मिश्र गट ठेवावा. ‘पुरुष’ असा गट नकोच.

गट अंदाजाने पाडले की काय होते, हे कनोइंगने पुरेपूर दाखवले आहे. कयाकमध्ये खेळाडू बसून दोन पात्यांचे वल्हे मारतो. कनोमध्ये एक गुडघा टेकून, दुसरा पाय पुढे रोवून, एकाच बाजूने. ही बैठक बाईच्या कंबरेला आणि गर्भाशयाला सोसणार नाही, अशी समजूत वर्षानुवर्षे चालली. पुरुषांची कनो १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून आहे, महिलांची आली थेट टोकियोत. त्याआधी रिओ ऑलिंपिकमध्ये कनो स्प्रिंटच्या बारा शर्यतींपैकी महिलांना चारच होत्या! उलट प्राची ज्यात उतरते ते पॅरा गट पाहा. तिथे पाय आणि धड किती काम देतात, हे तपासून गट ठरतो. भेद तिथेही आहेच, पण तो अंदाजाने ठरवलेला नाही.

मग महिलांचा गट तरी कशाला, असे कोणी विचारील. कारण तिथला पुरावा भक्कम आहे: वयात येताना मुलग्यांच्या अंगी येणारी ताकद वल्ह्यावर दिसतेच. म्हणूनच ट्रान्स महिलांना या गटात घेण्यावरचा आक्षेप निव्वळ द्वेष म्हणून झटकता येत नाही. मेहनत करून आलेल्या मुलीची निवड हुकणे ही खरी हानी आहे. निवड किंवा मोठी बक्षिसे पणाला असतील तिथे महासंघाचे नियम लागू द्यावेत. गावच्या हौशी शर्यतीत मात्र कोणी कागदपत्रे किंवा तपासण्या मागू नयेत. नाव नोंदवणाऱ्याचे म्हणणे मानावे. ‘त्यांच्यासाठी वेगळा गट काढा’ हा तोडगा वरवर सोयीचा वाटतो. जागतिक जलतरण संघटनेने २०२३ मध्ये बर्लिनला तसा गट काढला, तर एकही नाव आले नाही. सगळ्यांच्या देखत वेगळे उभे राहायला कोण येणार? त्यापेक्षा ड्रॅगन बोट या लांब होड्यांच्या सांघिक शर्यतीची रीत बरी: तिथे मुख्य गटालाच खुला म्हणतात. पुरुष त्यातच वल्हवतात, ज्याला हवे तोही, आणि कोणी उठून दिसत नाही.

आपल्याकडे खरी अडचण निराळीच आहे: महिला गटात दोनच नावे आली की आयोजक तो रद्द करतात किंवा अंतर निम्मे करतात. दोन नावांवरही शर्यत घ्यावी, अंतर आणि बक्षीस खुल्या गटाइतकेच ठेवावे. मिश्र नावेत निम्म्या जागा मुलींसाठी राखल्या, तर संघ जमवणाऱ्यालाच मुली शोधत घरोघरी जावे लागेल.